नाव एकाचं, माल दुसऱ्याचा

जाईची 10,600 फुलं आणि 28 डझन गुलाब. पॅरिसच्या झाँ पातू या पेढीने 1930 मध्ये बाजारात आणलेल्या ‘जॉय’ या परफ्यूमच्या 30 मिलिलिटरमागे एवढी फुलं लागतात, असा तिचा दावा होता. जगभर मंदी असताना ते ‘जगातलं सर्वांत महागडं परफ्यूम’ म्हणून विकलं गेलं.

हा हिशेब जरा सियागंजच्या काट्यावर चढवू. इंदूरच्या या घाऊक किराणा बाजारात लवंग असो वा नागरमोथा, बोलणं किलोत चालतं. जाईची 8 ते 10 हजार फुलं भरतात साधारण किलोभर. म्हणजे बाटलीमागे फुलं एक ते सव्वा किलो. पण एक किलो अर्काला 700 ते 800 किलो फुलं लागतात, तेव्हा बाटलीत जाईचा अर्क उतरतो तो दीड ग्रॅमच्या आसपास. फुलं हातानेच खुडायची, तीही उन्हं चढण्याआधी. किमतीत ही मजुरी असते आणि तिच्यावर चढलेली नावाची किंमत असते.

आता या नावाचा प्रवास पाहा.

1914 : कपड्यांची पेढी सुरू
1987 : उंची कपड्यांचं काम बंद, परफ्यूम चालू
2001 : मालकी प्रॉक्टर अँड गॅम्बलकडे
2011 : ब्रिटनच्या डिझायनर परफ्यूम्सकडे
2018 : फ्रान्सच्या एलव्हीएमएच समूहाकडे
2019 : ‘पातू’ एवढ्याच नावाने कपडे पुन्हा बाजारात

म्हणजे 17 वर्षांत मालकी तीनदा बदलली आणि 32 वर्षांनी कपडे परतले. याला पुनरुज्जीवन म्हणतात. पण 2018 मध्येच याच समूहाच्या दिओरने ‘जॉय’ नावाचं नवं परफ्यूम आणलं. त्याचा कर्ता फ्रान्स्वा दमाशी. 1930 च्या ‘जॉय’चा होता आँरी अल्मेरास. दोन्हींत सारखं काय, तर नाव. जुनं ‘जॉय’ बंद झालं. पेढी उठून उभी राहिली, पण जिच्यामुळे जग तिला ओळखत होतं ती बाटली गेली. फुलांचा भाव किलोवर ठरतो, नावाला काटा नाही. म्हणून ते मालापासून सोडवून वेगळं वापरता येतं.

नाव आणि माल यांची अशी फारकत आपल्या भागाला नवी नाही. इंदूरच्या दक्षिणेला निमाडात आणि पलीकडे खानदेशात रोशा गवताचं तेल काढलं जाई. त्यात 70 ते 85 टक्के जिरॅनिऑल असतं. गुलाबाच्या वासातला हा एक मुख्य घटक. एकोणिसाव्या शतकात हे तेल मुंबईहून तांबड्या समुद्रामार्गे कॉन्स्टँटिनोपलला जाई आणि गुलाबाच्या अत्तरात मिसळलं जाई. हिशेब सोपा होता : एक किलो गुलाबतेलाला साडेतीन ते चार हजार किलो फुलं लागतात, गवत मात्र रानात फुकट उगवतं. युरोपच्या बाजारात या तेलाला ‘तुर्की जिरॅनियम’ म्हणत. गवताच्या ‘मार्टिनी’ या शास्त्रीय नावातही आहे तो लिऑनमध्ये जन्मलेला फ्रेंच सेनानी क्लॉड मार्टिन.

निमाडचा माल टिकला, नाव परक्याचं लागलं. पातूचं ‘जॉय’ हे नाव टिकलं, माल बदलला. तेव्हा जुनी पेढी पुन्हा उघडल्याची बातमी आली, की स्थापनेचं साल नंतर बघावं; आधी झाकण उघडून वास घ्यावा.