सीडी लागेना? प्लेअर भंगारात घालण्याआधी



मोशी, भोसरी, चाकणच्या पट्ट्यात कित्येक सभासदांच्या कपाटात अजून जुन्या सीड्या आहेत. लेकीच्या लग्नाच्या, सप्ताहातल्या कीर्तनाच्या, आणि २०१४ साली बंदी येण्यापूर्वीच्या घाटातल्या बाऱ्यांच्या. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींना पुन्हा परवानगी दिली खरी, पण त्या सीडीतली बैलं काही परत धावायची नाहीत. म्हणून प्लेअरवर 'नो डिस्क' अशी अक्षरे उमटली की जीव हळहळतो. आमचे म्हणणे, भंगारवाल्याला हाक मारण्याआधी थोडे थांबा.

प्रथम विकतची छापील सीडी लावून पाहावी. ती लागली आणि घरची लागली नाही, तरी घरची सीडी मेली असे समजू नये. शूटिंगवाल्याने भरून दिलेल्या सीडीवरून उजेड कमी परततो, म्हणून थकलेला लेसर आधी तिच्यापुढेच हात टेकतो. शेजाऱ्याच्या प्लेअरवर किंवा कॉम्प्युटरवर लावून बघा.

सीडी मऊ सुती फडक्याने मधल्या भोकाकडून काठाकडे सरळ पुसावी. गोल गोल पुसू नये. तसा ओरखडा नोंदीच्या रेषेवरूनच जातो आणि मोठा तुकडा गमावतो. खालच्या बाजूचे बारीक ओरखडे पुष्कळदा चालून जातात. छापाच्या बाजूचा ओरखडा मात्र घातक, कारण नोंदीचा थर छापाच्या लगेच खाली असतो. आणि भरलेल्या सीड्या उन्हात ठेवू नयेत, त्यातला रंग उडतो.

कोणतीच सीडी लागत नसेल तर भिंग पाहावे. आपल्याकडे रस्त्याची धूळ काय कमी आहे? प्लग काढूनच झाकण उघडावे. कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब लावून भिंग हलक्या हाताने पुसावे, दाबू नये. चालू यंत्राच्या भिंगात डोळा घालू नका. सीडीचा लेसर ७८० नॅनोमीटरचा, म्हणजे डोळ्याला जवळजवळ न दिसणारा. डीव्हीडीचा लाल, ६५० चा. त्यामुळेच डीव्हीडी लागते पण सीडी लागत नाही, असेही घडते. भिंगाजवळचे बारीक स्क्रू कुणी पिळू नयेत, ते काम जाणत्या मेकॅनिकचे.

सीडी एकदा लागली की त्याच दिवशी कॉम्प्युटरवरून पेनड्राइव्हवर उतरवून घ्यावी. पेनड्राइव्ह दोन भरावेत, त्यातला एक लेकीच्या सासरी ठेवावा.