डोळ्यांनी ऐकलेला आवाज

स्नेहसंमेलन जवळ आले की शाळेसाठी नवे स्पीकर घेण्याचा विषय निघतो. दोन-तीन शिक्षक दुकानात जातात. समोर दोन जोड असतात. एक कमरेइतका उंच, काळा, चकचकीत; दुसरा लहानसा, प्लॅस्टिकचा. दोन्हींवर एकच गाणे लावले जाते आणि सगळे म्हणतात, ‘‘मोठ्याचा आवाज भारदस्त आहे.’’ पालकांच्या देणगीचे पैसे या एका वाक्यावर खर्च होतात. हे वाक्य कानांनी सुचवले की डोळ्यांनी, हे मात्र कोणी विचारत नाही.

१९९४ साली फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या दोन संशोधकांनी नेमके तेच विचारले. दोघेही हरमन या स्पीकर बनवणाऱ्या कंपनीत काम करीत. त्यांनी कंपनीतल्याच ४० जणांना चार स्पीकर ऐकवून गुण देण्यास सांगितले. एकदा स्पीकर पडद्याआड ठेवून, एकदा उघड्यावर. चारांपैकी दोन मोठे, देखणे आणि बाहेरून अगदी सारखे होते, फरक होता तो आतल्या विद्युत मंडलात. एक संच लहान आणि स्वस्त होता. पडद्याआड हा स्वस्त संच मोठ्यांच्या पंक्तीला बसत होता. पडदा दूर होताच त्याचे गुण घसरले आणि मोठ्यांचे वधारले. ऐकण्याचा सराव असलेली माणसेही यातून सुटली नाहीत.

याच प्रयोगातली दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. स्पीकर खोलीत कोठे ठेवला आहे यावर त्याचा आवाज, विशेषतः खर्ज, बदलतो. भिंतीजवळ किंवा कोपऱ्यात तो घुमतो. पडद्याआडचा स्पीकर जागेवरून हलवला की श्रोत्यांच्या गुणांत हा फरक उमटत होता. स्पीकर दिसत असताना मात्र तो जवळजवळ नाहीसा झाला. म्हणजे डोळ्यांनी नुसता पक्षपात केला नाही. कानांनी आणलेली खरी बातमीही दाबून टाकली.

मग हे श्रोते खोटे बोलत होते का? मुळीच नाही. त्यांना तसेच ऐकू आले. कानावर पडलेल्या कंपनांचे ‘ऐकणे’ होते ते मेंदूत, आणि मेंदू एका साक्षीदारावर निकाल देत नाही. १९७६ साली हॅरी मॅकगर्क आणि जॉन मॅकडोनाल्ड यांनी एक चित्रफीत दाखवली. तिच्यात ओठ ‘गा’ म्हणत होते, आवाज ‘बा’चा जोडलेला होता. बहुतेक प्रौढांना ऐकू आले ‘दा’! डोळे मिटताच पुन्हा ‘बा’. गंमत अशी की युक्ती ठाऊक असली तरी ‘दा’ जात नाही.

रामदास पाध्ये यांच्या अर्धवटरावाला बोलताना आपण पाहिले असेल. शब्दभ्रमकार आवाज ‘फेकतो’ असे आपण म्हणतो, पण तो काहीही फेकत नाही. आवाज त्याच्याच तोंडातून येतो. हलतो तो बाहुल्याचा जबडा, आणि आपला मेंदू आवाज उचलून तेथे नेऊन ठेवतो. कारण वस्तू कोठे आहे हे सांगण्यात डोळे कानांपेक्षा पुष्कळच अचूक आहेत. मेंदू अधिक भरवशाच्या साक्षीदाराचे ऐकतो. २००४ साली डेव्हिड अ‍ॅलेस आणि डेव्हिड बर यांनी पडद्यावरचा ठिपका मुद्दाम फार पुसट केला, तेव्हा पारडे फिरले : लोकांना ठिपकाच आवाजाच्या जागी सरकल्यासारखा वाटू लागला.

खरेदीत आणखी एक चोर दबा धरून असतो. आवाजाची पातळी किंचित वाढली तरी ती ‘मोठा’ म्हणून नव्हे, तर ‘चांगला’ म्हणून जाणवते. दोन स्पीकरांची तुलना करण्याआधी दोहोंची पातळी सारखी केलीच पाहिजे. शिवाय खोल खर्ज आपण कानांइतकाच छातीने आणि खुर्चीच्या पाठीने ऐकतो, तेव्हा स्पर्शही साक्षीला असतोच.

वर्गात हे करून पाहा. चादरीमागे एकच स्पीकर ठेवा. चादरीपुढे एक मोठे आणि एक लहान खोके मांडा. तोच ध्वनिमुद्रित तुकडा, आवाजाच्या खुंटीला हात न लावता, दोनदा वाजवा; एकदा ‘आता मोठा वाजतो आहे’ असे सांगून, एकदा ‘आता लहान’. मुलांनी न बोलता दहापैकी गुण लिहावेत. वर्गाचे दोन गट करून दुसऱ्या गटाला उलट क्रमाने ऐकवा, नाहीतर दुसऱ्यांदा ऐकल्याचा परिणाम कोणता आणि खोक्याचा कोणता हे कळणार नाही. शेवटी चादर काढा. ज्यांनी वेगवेगळे गुण दिले त्यांना कोणी हसू लागले तर थांबवा आणि त्यांना नेमका काय फरक जाणवला ते फळ्यावर लिहा. ‘खणखणीत’, ‘पातळ’, ‘घुमणारा’ असे शब्द आले तर ते एकाच स्पीकरबद्दलचे असतील.

दुकानात चादर लावू देतीलच असे नाही. पण डोळे मिटायला कोणाची परवानगी लागत नाही. फक्त कोणता स्पीकर केव्हा सुरू करायचा हे तिसऱ्याने ठरवावे, पातळी सारखी ठेवावी, आणि गुण लिहून होईपर्यंत उत्तर सांगू नये. विक्रेत्याला हे काम देऊ नका.