थोडें वेतन, मोठी आशा

तरुणपणीं मनुष्य द्रव्याच्या मागें धांवतो आणि उतारवयांत त्याला नांवाची चिंता लागते, हें आपण भोंवतालीं नित्य पाहतों. जन्मभर तागडी धरून पैसा जोडलेला व्यापारी साठी उलटली म्हणजे देवळाचा जीर्णोद्धार करूं लागतो. वकिली करून वाडे बांधलेला गृहस्थ गांवच्या शाळेला देणगी देतो आणि भिंतींतील संगमरवरी पाटीवर आपलें नांव शुद्ध कोरलें आहे कीं नाहीं, तें स्वतः जाऊन पाहून येतो. ह्या जुन्याच मनोवृत्तीचें एक नवें उदाहरण माझ्या नातवानें मला दाखविलें, आणि तेंहि अशा क्षेत्रांत कीं, संस्कृत शिकविण्यांत हयात घालविलेल्या मास्तराचा त्याच्याशीं बादरायण संबंधहि नसावा. तें क्षेत्र म्हणजे अमेरिकेंतील धंदेवाईक बास्केटबॉल होय.

एरवीं चार हांका मारल्याखेरीज अंथरूण न सोडणारा हा मुलगा जून महिन्यांत पहाटेस आपण होऊन उठतो. अमेरिकेंत रात्रीं अंतिम सामने सुरू होतात, तेव्हां आपल्याकडे सकाळचे सहा वाजत असतात. मीहि चहा घेऊन त्याच्या शेजारीं बसूं लागलों आणि हळूहळू त्या खेळांतील व्यवहार मला उमगूं लागले. त्यांतील एक गोष्ट ऐकून मात्र मी चकित झालों. पस्तिशी ओलांडलेले कांहीं नामवंत खेळाडू पूर्वीच्या वेतनाच्या निम्म्यावर, चतुर्थांशावर, क्वचित् दशांशाहूनहि कमी वेतनावर एखाद्या बलिष्ठ संघांत जातात. कां, तर अजिंक्यपद एकदां तरी आपल्या हातीं लागावें म्हणून!

त्या रात्रीं जेवतांना हा विषय निघाला. माझ्या पुतण्यानें एका वाक्यांत निकाल दिला, "काका, हे सगळे आयत्या बिळावरचे नागोबा!" आमच्या सौभाग्यवती वाढतां वाढतां म्हणाल्या, "अहो, ज्याच्या कणगींत सात पिढ्यांचें धान्य आहे, त्यानें एका एकादशीला उपास केला, तर त्याला काय तप म्हणायचें?" नातू दोहोंकडून मार खाऊन माझ्याकडे पाहूं लागला. "आजोबा, तुम्हीच सांगा. हा त्याग नाहीं का?" मीं त्याला तत्काळ उत्तर दिलें नाहीं. त्या खेळाडूंच्या हकीकती नीट समजून घेतल्यावर जें वाटलें, तें येथें वाचकांपुढें ठेवीत आहें.

प्रथम पैशाचा व्यवहार पाहूं. बास्केटबॉलचा जन्म १८९१ सालच्या डिसेंबरांत मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील स्प्रिंगफील्ड येथें झाला. जेम्स नेस्मिथ नांवाच्या व्यायामशिक्षकानें, थंडीच्या दिवसांत विद्यार्थ्यांना छपराखालीं खेळतां यावें म्हणून, पीच फळांच्या दोन टोपल्या सज्जाला ठोकल्या आणि त्यांत चेंडू टाकण्याचा खेळ रचला. एका मास्तराच्या त्या खेळाची आज केवढी पेढी झाली आहे! तीस संघांच्या 'एन. बी. ए.' ह्या संघटनेंत प्रमुख खेळाडूंचें वार्षिक वेतन कोट्यवधि डॉलर असतें. धनाढ्य मालकानें सगळीं रत्नें आपल्याच पेटींत भरूं नयेत म्हणून प्रत्येक संघाच्या एकूण वेतनखर्चास मर्यादा घातलेली आहे. १९८४-८५ च्या हंगामांत ती ३६ लक्ष डॉलर होती. २०२४-२५ च्या हंगामांत ती १४ कोटींच्या वर गेली. ह्या मर्यादेस अपवाद पुष्कळ आहेत. त्यांपैकीं एक असा कीं, मर्यादा ओलांडलेल्या संघासहि किमान वेतनावर खेळाडू घेतां येतो. म्हणजे घरखर्चाची रक्कम आधींच वांटली गेली असतां, मागाहून येणाऱ्यानें उरल्यासुरल्यावर भागवावें, तसा हा प्रकार. जो संघ अजिंक्यपदाच्या जवळ असतो, त्याची थैली बहुधा रिकामी झालेली असते. तेथें जावयाचें, तर थोडें घेऊनच गेलें पाहिजे.

ह्या प्रकारांतील सर्वांत प्रसिद्ध आणि करुण हकीकत २००३ सालची आहे. कार्ल मॅलोन हा यूटा जॅझ ह्या संघांत अठरा वर्षें खेळला, आणि त्या अठरा वर्षांत त्याचे अवघे दहा सामने चुकले. त्यावरून त्याच्या देहाच्या काठिण्याची कल्पना यावी. १९९७ आणि १९९८ अशीं लागोपाठ दोन वर्षें त्याचा संघ अंतिम फेरीस पोंचला. दोन्ही वेळां मायकेल जॉर्डनच्या शिकागो संघानें तोंडाशीं आलेला घास काढून घेतला. २००२-०३ च्या हंगामांत त्याला सुमारें १ कोटी ९२ लक्ष डॉलर वेतन होतें. चाळिशीच्या उंबरठ्यावर तो तें सोडून लॉस एंजेलिसच्या लेकर्स संघांत १५ लक्षांवर गेला. त्याच्याबरोबर गॅरी पेटन आला. तोहि १९९६ सालीं सिअ‍ॅटल संघांतून खेळतांना शिकागोपुढेंच हरलेला होता, आणि त्यानेंहि कोटीहून अधिक वेतन मागें टाकून सुमारें ४९ लक्ष पत्करले. लेकर्सपाशीं शकील ओनील आणि कोबी ब्रायंट हे वीर होतेच. चार महारथी एका रथांत बसले. आतां विजय कोठें जातो, असें सर्वांस वाटलें.

पण डिसेंबरांत मॅलोनचा गुडघा दुखावला. अठरा वर्षें ज्या देहानें दगा दिला नाहीं, तो नेमका ह्याच वर्षीं फिरला. जवळजवळ निम्मे सामने तो बाहेर बसून राहिला. पुढें संघ अंतिम फेरींत गेला. परंतु तेथें डेट्रॉइटच्या संघानें, ज्यांत असे जगद्विख्यात महारथी नव्हते, लेकर्सना चार विरुद्ध एक असें नमविलें. शेवटच्या सामन्यांत मॅलोनला उतरतांहि आलें नाहीं. अजिंक्यपदावांचूनच त्यानें २००५ सालीं निवृत्ति जाहीर केली. पेटनचें नशीब थोडें बरें. तो पुढें मायामी संघांत अल्प वेतनावर दुय्यम जागीं राहिला. २००६ सालच्या अंतिम फेरींतील तिसऱ्या सामन्यांत, घड्याळांत दहा सेकंदहि उरले नसतां, त्यानें टाकलेल्या चेंडूनें संघाला आघाडी मिळवून दिली. तो सामना हातचा गेला असता, तर मालिकाहि बहुधा गेली असती. सदतिसाव्या वर्षीं पेटन अजिंक्य संघाचा घटक झाला. दोघांनीं एकाच दिशेनें प्रस्थान ठेविलें. एकास देव दिसला, दुसऱ्यास वाटेंतच थांबावें लागलें.

माझ्या मनांत अधिक भरली ती २०१३ सालच्या अंतिम फेरीची कथा. एका बाजूस मायामी, दुसऱ्या बाजूस सॅन अँटोनियो. दोन्हीकडे एकेक वयस्क खेळाडू असा होता कीं, ज्यानें आदल्याच वर्षीं आपलें वेतन उतरवून घेतलें होतें. मात्र दोघांचे मार्ग निराळे होते.

मायामीचा रे अ‍ॅलन हा दूरवरून चेंडू टाकण्यांत अद्वितीय. २००८ सालीं बोस्टनमध्यें केव्हिन गार्नेट व पॉल पिअर्स ह्यांच्या साथीनें त्यानें एकदां अजिंक्यपद मिळविलेंहि होतें. २०१२ सालीं बोस्टन त्याला वर्षाला सुमारें ६० लक्ष डॉलर देत असतां तो सुमारें ३० लक्षांवर मायामीला गेला, आणि बोस्टनला हरवूनच पुढें गेलेल्या प्रतिस्पर्ध्याकडे गेला. जुन्या सोबत्यांस तें लागलें. गार्नेटनें पहिल्या भेटींत त्याच्याकडे पाहिलेंहि नाहीं. घर सोडून भाऊ निघून गेला म्हणजे माजघरांत जी स्तब्धता पसरते, ती आपल्या वाचकांस वेगळी सांगावयास नको.

सॅन अँटोनियोचा टिम डंकन मात्र कोठेंच गेला नाहीं. १९९७ पासून तो एकाच संघांत होता आणि चार अजिंक्यपदें त्याच्या पदरीं होतीं. २०१२ सालीं त्यानें २ कोटींहून अधिक असलेलें वेतन सुमारें ९६ लक्षांवर आणलें आणि तेथेंच राहिला. त्यामुळें संघास डॅनी ग्रीन, बोरिस डिऑ अशा खेळाडूंना ठेवून घेणें सुलभ झालें. गंमत अशी कीं, ह्याच ग्रीननें २०१३ च्या अंतिम फेरींत दुरून चेंडू टाकण्याचा जो विक्रम मोडला, तो रे अ‍ॅलनचाच होता.

सहाव्या सामन्यांत सॅन अँटोनियो विजयाच्या इतका जवळ होता कीं, मानचिन्ह देण्याच्या समारंभासाठीं सेवकांनीं मैदानाभोंवतीं दोर धरण्याची तयारी चालविली होती. अर्धें मिनिटहि उरलें नव्हतें आणि मायामी पांच गुणांनीं मागें होता. तितक्यांत अंतर तीनावर आलें, एक चेंडू टोपलीवर आपटून परतला, ख्रिस बॉशनें तो झेलून अ‍ॅलनकडे दिला. अ‍ॅलन मागच्या मागें सरत कोपऱ्यांतील रेषेबाहेर गेला आणि त्यानें तो सोडला. घड्याळांत ५.२ सेकंद उरले होते. बरोबरी झाली; वाढीव वेळांत मायामीनें सामना जिंकला आणि दोन दिवसांनीं अजिंक्यपदहि. त्या निर्णायक सामन्याच्या अखेरीस डंकनचा अगदीं टोपलीजवळून टाकलेला चेंडू हुकला, तेव्हां त्या मितभाषी पुरुषानें दोन्ही तळहात जमिनीवर आपटले.

अ‍ॅलनच्या त्या एका फेकीस पुष्कळांनीं दैव म्हटलें. परंतु जमिनीवर पडावें, उठावें, पायांकडे न पाहतां कोपऱ्यांत मागें सरावें आणि चेंडू टाकावा, हा अभ्यास तो कित्येक वर्षें एकटा करीत आला होता. म्हणून माझ्या पुतण्याचें मत मला अर्धेंच पटतें. पंगतीला उशिरा आलेला मनुष्यहि कधीं कधीं घरून तूप घेऊन आलेला असतो.

पुढील वर्षीं, २०१४ सालीं, तेच दोन संघ पुन्हां समोरासमोर आले आणि सॅन अँटोनियोनें मायामीस चार विरुद्ध एक असें हरविलें. डंकन तेव्हां अडतीस वर्षांचा होता. डिऑ त्या मालिकेंत संघाचा मोठा आधार ठरला. डंकनचें तें पांचवें अजिंक्यपद. अ‍ॅलनच्या आयुष्यांतील तो शेवटचा सामना.

आतां नातवाच्या प्रश्नाकडे वळूं. ज्यांत फळाची आशा सुटते, त्याला आपल्याकडे त्याग म्हणतात. येथें तर सारी धडपड फळासाठींच आहे. द्रव्य देऊन यश घेण्याचा हा विनिमय होय, आणि तो निंद्य नव्हे. मम्मटानें काव्याचीं प्रयोजनें सांगतांना यश पहिलें आणि अर्थ दुसरा सांगितला आहे. हे खेळाडू तरुणपणीं तो क्रम उलटा लावतात आणि पुढें सुधारून घेतात, इतकेंच. सौभाग्यवतींचें म्हणणेंहि खरें. कोट्यवधि डॉलर आधींच पेढींत असल्यावर कांहीं लक्षांवर पाणी सोडणें हें तप नव्हे. शिवाय खेळाडूनें सोडलेल्या पैशानें मालकाचाहि भार हलका होतो, हें विसरूं नये.

मग ह्यांत आदरास्पद असें कांहींच नाहीं काय? आहे, पण तें पैशांत नाहीं. अ‍ॅलन सोळा वर्षें संघाच्या पहिल्या पांचांत उभा राहिला. मायामीला गेल्यावर तो बांकावर बसला आणि बोलावतील तेव्हां उठला. मला वाटतें, खरी किंमत त्यानें तेथें दिली. हें मी अनुभवानें लिहीत आहें. निवृत्तीनंतर एका शाळेंत मीं अल्प मानधनावर संस्कृत शिकविण्याचें पत्करलें. पैशाचें मला कांहीं वाटलें नाहीं, पेन्शन होतीच. परंतु वरचे वर्ग तरुण शिक्षकांकडे होते, मजकडे आठवीचीं शब्दरूपें आलीं, आणि वेळापत्रक माझ्या हातीं देणारे मुख्याध्यापक माझेच एके काळचे विद्यार्थी होते. पहिल्या दिवशीं तो कागद घेतांना माझा हात किंचित् अडखळला, हें कबूल केलें पाहिजे. मनुष्य द्रव्य सहज सोडतो. पाट सोडतांना त्याला जड जातें.

त्या दृष्टीनें पाहतां डंकनचें उदाहरण मला एकत्र कुटुंबांतील वडीलधाऱ्या पुरुषाचें वाटतें. तो घर सोडीत नाहीं, आपल्या वांट्यांतून धाकट्यांची सोय करतो, आणि त्यांनीं नांव मिळविलें तर त्यांतच आपलें नांव पाहतो. तथापि तेथेंहि फळ हातचें नसतें. जर्मनीच्या डर्क नोविट्स्कीनें २०१४ सालीं ह्याहून कितीतरी मोठ्या वेतनाचीं बोलावणीं नाकारून, तीन वर्षांस सुमारें अडीच कोटींवर, आपल्या डॅलस संघांत राहणें पसंत केलें. २०१९ पर्यंत तो तेथेंच खेळला. पुन्हां अजिंक्यपद त्याला दिसलें नाहीं. त्याला त्याचा पश्चात्ताप झाल्याचें मात्र माझ्या ऐकिवांत नाहीं.

हें सर्व मीं नातवाला सांगितलें. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग त्यानें मला एक चित्रफीत दाखविली. ती २०२२ सालच्या मार्च महिन्यांतील. बोस्टनमध्यें गार्नेटचा गौरव चालला होता. प्रेक्षकांत अ‍ॅलन बसला होता. गार्नेटनें त्याला पुढें बोलाविलें आणि पिअर्ससह तिघे एकमेकांस कडकडून भेटले. जवळजवळ दहा वर्षांचा अबोला तेथें संपला.

पुतण्या मागें उभा राहून पाहत होता. तो कांहीं बोलला नाहीं. पण नागोबाचा उल्लेख त्यानंतर आमच्या घरांत झाला नाहीं.