एक जनावर, एक सुई
साथीच्या दिवसांत गोठ्यात पाळायची शिस्त

लम्पी चर्मरोग आपल्या देशात 2019 साली प्रथम ओडिशात आढळला. 2022 च्या पावसाळ्यात तो महाराष्ट्रभर पसरला आणि आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या गोठ्यांतही शिरला. डास, माशा, गोचीड हा रोग पसरवतात हे आता पोरासोरांनाही ठाऊक आहे. पण रोग पसरवणारी आणखी एक वस्तू माणसाच्याच हातात असते. ती म्हणजे इंजेक्शनची सुई.

आजारी गाईला टोचलेली सुई तशीच शेजारच्या गाईला टोचली, तर विषाणू तिच्या अंगात जाऊ शकतो. "जनावर चांगलं दिसतंय की," एवढ्यावर विसंबू नये. लागण झाल्यावर लक्षणे दिसायला साधारण 4 ते 14 दिवस, कधी त्याहून जास्त लागतात.

कोरोनाच्या साथीत, 2020 साली, केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने दातांच्या दवाखान्यांसाठी नियमावली काढली होती. दाताच्या डॉक्टरांचे काम लाळेशी आणि रक्ताशी. म्हणून समोरच्या प्रत्येक माणसाला लागण असू शकते असे धरून हातमोजे बदलायचे, आणि एकाच्या तोंडातले हत्यार निर्जंतुक केल्याशिवाय दुसऱ्याच्या तोंडात घालायचे नाही, ही तिथली शिस्त. गोठ्यातही हेच करायचे आहे.

पशुपालकांनी पुढील गोष्टी पाळाव्यात :

1) लस असो वा औषध, प्रत्येक जनावराला नवी सुई वापरण्याचा आग्रह धरावा. असे म्हणण्यात डॉक्टरांचा अपमान नाही.

2) पुन्हा वापरायच्या धातूच्या सुया आधी धुवाव्यात, मग पाण्याला उकळी आल्यापासून किमान 20 मिनिटे उकळाव्यात. नुसते पुसून भागत नाही.

3) औषध पाजायची नळी किंवा बाटली एका जनावराच्या तोंडातून थेट दुसऱ्याच्या तोंडात घालू नये. लम्पीचा विषाणू लाळेतही असतो. लाळ्या-खुरकूतही असाच पसरतो.

4) निरोगी जनावरांचे काम आधी, आजाऱ्याचे शेवटी करावे. नंतर हात साबणाने धुवावेत.

5) वापरलेल्या सुया उकिरड्यावर टाकू नयेत. झाकणाच्या डब्यात साठवून पशुवैद्यकीय दवाखान्यात द्याव्यात.

6) आजारी जनावराला लस टोचून घेऊ नये, त्यावर उपचार करावेत. लसीचा गुण यायला सुमारे तीन आठवडे लागतात. तोवर जनावर वेगळे बांधणे, गोचीड-माशांचा बंदोबस्त करणे सोडू नये.

गावकारभाऱ्यांवरही जबाबदारी आहे. प्राण्यांतील संसर्गजन्य रोगांबाबतच्या 2009 च्या केंद्रीय कायद्यानुसार संशयित जनावराची खबर मालकाने गावात द्यायची आणि ती पशुवैद्यकांपर्यंत पोहोचायची आहे. लसीकरणाच्या दिवशी जनावरे एवढ्या सुया आल्यात का, हे सरपंच-सदस्यांनी उभे राहून मोजावे. कमी असतील तर आधी मागवाव्यात, मगच काम सुरू करावे.

सुईला मोजकेच पैसे पडतात. दुभती गाय गेली, तर डेअरीचे बिल थांबते आणि घरखर्चाची घडी विस्कटते. तेव्हा सुईवर काटकसर नको.