पाळीच्या असह्य वेदना : चिनी औषध की हॉर्मोनची गोळी?

मागच्या महिन्यात वस्तीतली एक मुलगी आईला घेऊन माझ्याकडे आली. वय बावीस. पाळीचे चार दिवस ती अंथरुणातून उठू शकत नाही, कामावर खाडे पडतात. आई म्हणाली, "सिस्टर, लगीन झालं की थांबंल ना?" मुलीने मोबाईल पुढे केला. त्यात 'चिनी जडीबुटी, हॉर्मोनशिवाय इलाज' अशी जाहिरात होती. त्या दोघींना जे सांगितले, तेच इथे लिहिते.

गर्भपिशवीच्या आतल्या अस्तरासारखा थर कधीकधी पिशवीच्या बाहेर, बीजकोशावर किंवा आतड्यावर वाढतो. याला एंडोमेट्रिओसिस म्हणतात. पाळीत तो थरही सुजतो, त्यातून रक्त येते. पण त्याला बाहेर पडायला वाट नसते. म्हणून इतके दुखते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात सुमारे १९ कोटी स्त्रियांना, म्हणजे पाळीच्या वयातल्या दहातल्या एकीला हा आजार आहे. लग्नाने तो बरा होत नाही.

हॉर्मोन उपचार : हा थर इस्ट्रोजेनवर पोसतो. हॉर्मोनच्या गोळ्या त्याला आवर घालतात. साध्या गर्भनिरोधक गोळ्या, डायनोजेस्टची रोजची गोळी, किंवा गर्भपिशवीत बसवायची हॉर्मोनची तांबी वापरतात. (साधी तांबी चालत नाही, तिने दुखणे वाढू शकते.) अधूनमधून डाग लागणे, डोकेदुखी, उदास वाटणे असे त्रास होऊ शकतात. उपचार चालू असेपर्यंत सहसा गर्भ राहत नाही, पण तशी खात्री धरू नका; थांबवल्यावर पाळी परत येते. कायमचे वांझपण येत नाही. मात्र उपचार थांबला की वेदनाही परतू शकतात. रक्तदाब, अर्धशिशी किंवा रक्ताची गाठ झाली असेल तर डॉक्टरांना आधी सांगा.

चिनी औषध : चिनी वैद्यक या दुखण्याला 'साकळलेले रक्त' म्हणते आणि वनस्पतींचे काढे व सुया वापरते. कोक्रेन या संस्थेच्या अभ्यासकांनी काढ्यांचे पुरावे तपासले, तेव्हा निकषात बसणाऱ्या फक्त दोन चाचण्या सापडल्या, त्यात मिळून १५८ स्त्रिया. एकीत शस्त्रक्रियेनंतर काढ्याचा गुण जेस्ट्रिनोन या हॉर्मोनइतकाच आला आणि त्रास कमी झाला. दुसरीत डॅनाझोलपेक्षा आराम जास्त पडला. पण ही दोन्ही जुनी औषधे आहेत, आजच्या गोळ्यांशी ती तुलना नाही. अभ्यासकांनी अजून चांगल्या चाचण्या हव्यात असेच म्हटले. सुयांबद्दल चीनमध्ये १०६ स्त्रियांवर चाचणी झाली. बारा आठवडे सुया चालू असताना दुखणे कमी झाले, पण थांबवल्यावर गुण टिकला नाही.

म्हणजे चिनी औषध थोतांड नाही, पण हॉर्मोनइतका भक्कम पुरावा त्याच्यामागे नाही. आणि 'जडीबुटीने अपाय होत नाही' हे साफ खोटे. १९९० च्या दशकात बेल्जियममध्ये वजन घटवायच्या चिनी वनस्पतीच्या गोळ्यांनी अनेक स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी झाली. मोबाईलवरून मागवलेल्या पुडीत काय आहे, हे आपल्याला कोण सांगणार? सुया घ्यायच्याच असतील तर नोंदणी असलेल्याकडे, नव्या सुईनेच घ्या आणि डॉक्टरांची गोळी परस्पर बंद करू नका.

आपण काय करायचे? तीन महिने वहीत लिहा : कोणत्या दिवशी दुखले, किती दुखले, शौचाला किंवा संबंधाच्या वेळी दुखते का. ती वही सरकारी रुग्णालयात स्त्रीरोग विभागात दाखवा. सोनोग्राफी 'नॉर्मल' आली तरी आजार असू शकतो, म्हणून तेवढ्यावर घरी परतू नका.

आणि कोणी लगेच 'पिशवी काढून टाका' म्हटले तर थांबा. बीडच्या ऊसतोड बायांच्या पिशव्या कशा काढल्या गेल्या, हे २०१९ मध्ये साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. हा थर पिशवीच्या बाहेर असतो, त्यामुळे नुसती पिशवी काढून दुखणे जाईलच असे नाही. दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्या. विचारा : दुसरा उपाय कोणता? तो करून पाहिला का?

ती मुलगी आता वही लिहिते आहे. पहिल्या पानावर आईनेच तारीख घातली.