शॉकअप: हवा की स्प्रिंग?

भंडाऱ्याहून नागपूरचे ताजबाग जेमतेम साठ-पासष्ट किलोमीटर. पण मागे मुलांची अम्मी आणि दोन बॅगा असल्या की आमची मोटारसायकल प्रत्येक गतिरोधकावर धाडकन खाली बसायची. अम्मीची कंबर धरली, तेव्हा आम्ही शॉकअपकडे पाहिले.

मिस्त्री म्हणाला, "सर, गॅसवाले आहेतच की!" इथेच घोळ होतो. गॅस शॉकअपमधला नायट्रोजन तेलाला फेस येऊ नये म्हणून असतो. ओझे पाहून तो कमी-जास्त करायचा नसतो. हार्ले-डेव्हिडसनच्या लांब पल्ल्याच्या काही गाड्यांवरचे हवेचे शॉकअप वेगळे. तिथे हवाही ओझे पेलते: एकटे असताना थोडी, दोघे असताना जास्त. मात्र आतली जागा इतकी लहान की हवा छोट्या हातपंपानेच भरायची. टायरच्या कॉम्प्रेसरने सील जाऊ शकते. आणि सील गेले तर आमच्या इथे दुरुस्त कोण करणार?

म्हणून आम्ही स्प्रिंगच ठेवली आणि पान्याने तिचा ताण दोन खाचा वाढवला. दोन्ही बाजूंना सारखाच, नाहीतर चाकावर एकीकडे जोर येतो. सामानासह दोघे बसल्यावर मागची बाजू एकूण हालचालीच्या साधारण तिसऱ्या हिश्शाइतकी दबली की ठीक. शाळेला एकटे जाताना खाचा पुन्हा मागे घ्यायच्या. विसरलो की कंबर आमची दुखते.