बॉयलर आणि कुलिंग टॉवरच्या पाण्याचं कॉन्ट्रॅक्ट: टीडीएस पेन जे सांगत नाही ते

आजचा विषय मोबाईलचा नाही, पाण्याचा आहे. पण तुमच्यापैकी अनेकजण सातारा, शिरवळ, कुपवाड, मिरजेच्या एमआयडीसीत ट्रेनी म्हणून लागता, कुणी कराड-वाळव्याकडच्या साखर कारखान्यात, कुणी डेअरीत, तर कुणाच्या घरचंच तासगाव भागात बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज असतं. अशा ठिकाणी कधी ना कधी साहेब म्हणतात, "अरे, ते वॉटर ट्रीटमेंटचं कॉन्ट्रॅक्ट संपतंय, दोन-तीन कोटेशन मागव." मलाही सांगितलं होतं. मी कोटेशन मागवली, सगळ्यात कमी रेटवाल्याला ऑर्डर गेली, आणि सहा महिन्यांनी आठ दिवस प्लांट बंद पडला. ते कसं झालं हे सांगतो, म्हणजे बाकीचं आपोआप समजेल.

सांगलीजवळच्या एका युनिटमध्ये मी युटिलिटीला होतो. कंपनीचं नाव सांगत नाही. ताशी 2 टन वाफेचा, ब्रिकेटवर चालणारा छोटा बॉयलर. बॉयलरवर एक जुने फायरमन होते, सगळे त्यांना मामा म्हणायचे. माझं काम म्हणजे रोज सकाळी पाणी तपासून व्हॉट्सॲप ग्रुपवर रीडिंग टाकायचं. मी ऑनलाइन एक टीडीएस पेन मागवला होता. पाण्यात बुडवायचा, आकडा आला की फोटो काढायचा, ग्रुपवर टाकायचा. काम फत्ते.

एप्रिलच्या शेवटी नळाचं पाणी कमी पडायला लागलं आणि टँकर सुरू झाले. टँकर कुठल्या बोअरवरून भरतात हे कुणी विचारलं नाही. पेनचा आकडा थोडा चढला, मी म्हटलं, टँकरचं पाणी आहे, चालायचंच. एक दिवस मामा म्हणाले, "साहेब, दोन दिस झालं, साबण लावला तरी फेस येईना झालाय बघा." सॉफ्टनरच्या सँपल कॉकवर हात धुवायची त्यांची सवय होती. मी हसून सोडून दिलं.

शाळेत आपण शिकलोय, दुष्फेन पाणी आणि सुफेन पाणी. ज्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार जास्त, त्यात साबणाचा फेस होत नाही. परीक्षेत दोन मार्कांना लिहिलं होतं. मामांनी तेच उत्तर तोंडी दिलं होतं, मला ओळखता आलं नाही.

टीडीएस म्हणजे हार्डनेस नव्हे

टीडीएस पेन पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो आणि त्यावरून एकूण विरघळलेले क्षार किती असतील याचा अंदाज दाखवतो. त्यातले किती मिठासारखे निरुपद्रवी आणि किती कॅल्शियमचे, हे त्याला कळत नाही. सॉफ्टनरमध्ये रेझिनचे बारीक मणी असतात. ते पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम पकडतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. म्हणजे क्षार कमी होत नाहीत, फक्त बदलतात. त्यामुळे सॉफ्टनरच्या आधी आणि नंतर टीडीएस जवळपास तेवढाच दिसतो. सॉफ्टनर उत्तम चालू असला तरी तोच आकडा, पूर्ण थकलेला असला तरी तोच. माझे रोजचे फोटो दिसायला छान होते, उपयोग शून्य.

मणी भरले की मिठाच्या पाण्याने धुऊन पुन्हा ताजे करतात, त्याला रिजनरेशन म्हणतात. आता हिशोब बघा. समजा 200 लिटर रेझिन आहे आणि एक लिटर रेझिन साधारण 50 ग्रॅम हार्डनेस पकडतं, म्हणजे एकूण 10 किलो. पाण्याची हार्डनेस 150 पीपीएम असेल तर एका रिजनरेशनमध्ये सुमारे 66,000 लिटर पाणी मिळतं. तीच हार्डनेस 300 झाली तर 33,000 लिटर. आमच्याकडे रिजनरेशन घड्याळावर व्हायचं, दोन दिवसांतून एकदा. नळाच्या पाण्याला ते बरोबर होतं. टँकरच्या पाण्याला दुसऱ्या दिवशी सॉफ्टनर नुसता पाईप उरला.

मग कच्चं पाणी बॉयलरमध्ये. ताशी 2 टन, दिवसाला 16 तास, म्हणजे 32,000 लिटर. त्यात नुसते 100 पीपीएम निसटले तरी दिवसाला 3.2 किलो क्षार आत जातात. वाफ निघून जाते, क्षार मागे राहतात. काही ब्लोडाऊनबरोबर गाळ म्हणून बाहेर पडतात, उरलेले ट्यूबवर थर धरतात. घरातल्या गीझरच्या कॉइलवर जमतो तोच पांढरा थर.

मे महिन्यात जाड कव्हर घालून फोन चार्जिंगला लावला तर काय होतं? उष्णता आत होते, बाहेर पडत नाही. ट्यूबचं तसंच आहे. एका बाजूला जाळ, दुसऱ्या बाजूला पाणी. 10 बार दाबाला पाणी साधारण 184 अंशांना उकळतं, आणि ते सतत उष्णता ओढून नेतं म्हणून धातू वाचतो. मध्ये थर आला की पाणी धातूपर्यंत पोचतच नाही. धातू तापतो, नरम पडतो, फुगतो. चिमणीचं तापमान चढत जातं, कारण जाळाची उष्णता पाण्याऐवजी धुराबरोबर निघून जाते. ही खूण आमच्या लॉगबुकमध्ये तीन आठवडे दिसत होती. कुणी पाहिली नाही. शेवटी ट्यूब प्लेटजवळ गळती लागली.

मीटिंगमध्ये केमिकलवाला म्हणाला, आमचं केमिकल बरोबर आहे, तुमच्या माणसाने ब्लोडाऊन नीट दिला नसेल. सगळ्यांनी मामांकडे बघितलं. ऑर्डरमध्ये काय लिहिलं होतं? केमिकलचं नाव, किलोचा रेट, जीएसटी, डिलिव्हरी. हार्डनेस कोण तपासणार, किती वेळा, कुठल्या पद्धतीने, मर्यादा ओलांडली तर कोण काय करणार, यातलं एक अक्षर नाही. मामांची बाजू घ्यायला कागदच नव्हता. माझ्या फोनमध्ये मात्र दीडशे फोटो होते, चुकीच्या मीटरचे.

मग विकत काय घ्यायचं?

किलोचा रेट बघून कोटेशनची तुलना करू नका. समजा एकाचं केमिकल 120 रुपये किलो आहे आणि 1,000 लिटर पाण्याला 60 ग्रॅम लागतं, तर खर्च 7 रुपये 20 पैसे. दुसऱ्याचं 200 रुपये किलो, पण 30 ग्रॅमच लागतं, तर खर्च 6 रुपये. महाग दिसणारं स्वस्त निघालं. म्हणून रेट मागायचा तो 1,000 लिटर पाण्यामागे किंवा टन वाफेमागे. खरं तर तेही अर्धंच आहे. आपल्याला केमिकल नको असतं, स्वच्छ ट्यूब हवी असते. तेव्हा करारात पाण्याचे आकडे लिहून घ्या.

ते आकडे मनाने ठरवायची गरज नाही. कमी आणि मध्यम दाबाच्या बॉयलरसाठी आयएस 10392 हे भारतीय मानक आहे. साधारण 20 बारपर्यंतच्या बॉयलरला त्यात फीड वॉटरची हार्डनेस 10 पीपीएमच्या आत, बॉयलरमधल्या पाण्याचा टीडीएस 3,500 च्या आत, पीएच 11 ते 12 आणि सल्फाइट 30 ते 50 पीपीएम सांगितलंय. सल्फाइट कशाला? पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन लोखंडाला टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पाडतो, त्याला ते शोषून घेतं. आमच्यासारख्या बॉयलरला 10 पीपीएमसुद्धा मला जास्त वाटते. सॉफ्टनर ठीक असेल तर 5 च्या आत सहज येते. अर्थात बॉयलर बनवणाऱ्याच्या मॅन्युअलमध्ये यापेक्षा कडक आकडा असेल तर तोच धरायचा.

आणि हो, टीडीएस पेन फेकून देऊ नका. बॉयलरच्या आतल्या पाण्याला तो बरोबर साधन आहे, ब्लोडाऊन किती द्यायचा ते त्यावरच ठरतं. फक्त नमुना आधी थंड करा, आणि पेनची रेंज त्या आकड्यापर्यंत जाते का बघा. हार्डनेससाठी मात्र थेंब मोजायचं किट लागतं. पाण्यात इंडिकेटर टाकला की रंग लालसर येतो, मग थेंब-थेंब ईडीटीए, आणि निळा झाला की थांबायचं. पाच मिनिटांचं काम. फोटो काढायचाच असेल तर त्या निळ्या रंगाचा काढा, शेजारी थेंबांचा आकडा लिहून.

कायद्याचंही लक्षात ठेवा. 1923 चा बॉयलर कायदा जाऊन 2025 मध्ये नवीन कायदा आला, पण बॉयलर इन्स्पेक्टरपुढे उभं राहायचं ते मालकालाच. केमिकलवाल्याला नाही.

साखर कारखान्याची गोष्ट वेगळी

रेठऱ्याचा कृष्णा, यशवंतनगरचा सह्याद्री, साखराळ्याचा राजारामबापू, सांगलीचा वसंतदादा... आपल्या दोन्ही जिल्ह्यांत कारखाने भरपूर. तिथे बॉयलरला पाणी बऱ्याच अंशी उसातूनच मिळतं. उसात सुमारे 70 टक्के पाणी असतं. रस आटवताना निघणारी वाफ थंड करून जे पाणी मिळतं, त्यात हार्डनेस जवळजवळ नसते. भीती दुसरीच. एखादी ट्यूब गळली किंवा रस उसळून वाफेबरोबर गेला, तर साखर बॉयलरमध्ये जाते. तिथल्या उष्णतेत तिचं आम्ल बनतं, पीएच धाडकन उतरतो, पाणी फेसाळतं. म्हणून लॅबमधली पोरं शिफ्टभर अल्फा नॅफ्थॉलची टेस्ट करत असतात. टेस्ट ट्यूबमध्ये जांभळी रिंग दिसली की ते पाणी बॉयलरला बंद. आता साखर गेली तर चूक केमिकल कंपनीची नाही. हे करारात दोन्ही बाजूंनी स्पष्ट हवं, नाहीतर ऐन गळीत हंगामात भांडण ठरलेलं.

कुलिंग टॉवर

कोल्ड स्टोरेजमध्ये अमोनिया थंड करायला कंडेन्सरवर पाणी फिरवतात. त्यातलं थोडं हवेत उडून जातं आणि बाकीचं थंड होतं, माठाचं तत्त्व. पाणी उडतं, क्षार राहतात, म्हणून थोडं पाणी सतत काढून टाकावं लागतं. नवीन पाण्याचा टीडीएस 400 आणि फिरणाऱ्या पाण्याचा 1,600 असेल तर त्याला 4 सायकल म्हणतात. समजा दिवसाला 10,000 लिटर उडतं. 2 सायकलवर चालवलं तर आणखी 10,000 लिटर गटारात, 4 सायकलवर फक्त 3,333. फरक दिवसाला एका 5,000 लिटरच्या टँकरहून जास्त. जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडच्या माणसाला याची किंमत वेगळी सांगायला नको. पण सायकल फार वाढवल्या तर कंडेन्सर पांढरा होतो, गॅसचा दाब चढतो, कॉम्प्रेसर जास्त वीज ओढतो. बोअरच्या पाण्यावर किती सायकल झेपतील हे रिपोर्ट बघूनच ठरतं. जो विक्रेता रिपोर्ट न बघता फोनवर आकडा सांगतो, त्याला मी तरी चहा पाजून परत पाठवतो.

टॉवरचं पाणी कोमट आणि उघडं, त्यामुळे शेवाळ आणि जिवाणूही येणारच. 1976 साली अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात लोकांना गंभीर न्यूमोनिया झाला आणि त्यातून लिजिओनेला हा जिवाणू सापडला. टॉवरच्या बारीक तुषारांतून तो पसरू शकतो. म्हणजे क्लोरीन आणि टॉवरची सफाईसुद्धा करारात हवी.

आमच्याकडे नंतर करार बदलला. केमिकलवाल्याचा माणूस पंधरा दिवसांनी येणार आणि आमच्यासमोर नमुना काढणार. तीन महिन्यांतून एकदा तोच नमुना बाहेरच्या लॅबला, खर्च आमचा. सॉफ्टनरनंतरची हार्डनेस प्रत्येक शिफ्टला आमच्या माणसाने तपासायची, किट त्यांनी द्यायचं. पाण्याचा सोर्स बदलला तर त्याच दिवशी कळवायची जबाबदारी आमची. वार्षिक तपासणीला बॉयलर उघडला की थर किती हे दोघांनी मिळून बघायचं आणि शेवटचं पेमेंट त्यानंतर. रिजनरेशन घड्याळावर नाही, पाण्याच्या मीटरवर. हार्डनेसचं किट चालवायला मामा आठवड्यात शिकले. रंग निळा झाला का, हे त्यांना माझ्या आधी कळायचं.

कोटेशन मागवायच्या आधी स्वतःच्या पाण्याचे दोन रिपोर्ट करून घ्या, एक पावसाळ्यानंतरचा आणि एक मे महिन्यातला. स्वच्छ बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळा, काठोकाठ भरा, झाकण घट्ट लावा. वर तारीख आणि सोर्स लिहा: नळ, नदी, विहीर की बोअर. टँकर असेल तर कुठून भरला तेही.